साडेचारची सिंधू

पहाटे ५.३०

आधी प्लॅन बघायचा, मग चहा. मोबाइलवर ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा प्लॅन उघडला. पुढच्या सात-आठ रांगा भरत आल्यात, मधे विरळ, बाल्कनी कोरी. ऑनलाइन दीडशेच्या घरात. त्याची काळजी नाही, आमचा प्रेक्षक अजून खिडकीवर येतो. पासष्टीच्या पुढच्या माणसाला ओटीपी मागणारं तिकीट पटत नाही, शिवाय खुर्ची त्याला बोट ठेवून निवडायची असते. 'कडेची द्या हो, गुडघा लांबवता येतो.'

नाटक 'एकच प्याला'. शुक्रवार, दुपारी साडेचार. शनिवार-रविवारची संध्याकाळ कुठल्याही गावात विनोदी नाटकांकडे जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. नाट्यगृहांचे दिवे त्यांच्यामुळे चालू राहतात. उरलेल्या वेळा आमच्या. तसं पाहिलं तर शुक्रवारची दुपार आमच्या प्रेक्षकाला सोयीची असते. निवृत्त माणसाला शुक्रवार आणि रविवार सारखेच, आणि अंधार वाढायच्या आत घरी पोचता येतं. पंचाईत होते ती गळ्याची. गाणाऱ्याचा आवाज रात्री खुलतो, तोही सत्तरीच्या उंबरठ्यावरचा असेल तर फारच सावकाश. प्रेक्षकाच्या वयाला दुपार हवी, नटीच्या वयाला रात्र. दोघांचं वय एकच, गरजा उलट.

हिशेब साधा आहे. नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, बस, जाहिरात, वीसेक माणसांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, आणि जेवण. चारशे खुर्च्या गेल्या की खर्च निघतो, पाचशे गेल्या की निर्मात्याचा फोन गोड येतो. तिकीट पाचशे, चारशे, तीनशे.

सकाळी ६.४५

टिळक स्मारक मंदिरापाशी बस उभी. नेपथ्याचा टेम्पो रात्रीच गेलाय. ऑर्गनवाले आले, तबलजी आले, कपडेपटाच्या मावशी दोन ट्रंका घेऊन आल्या. तळीराम करणारा नट नेहमीप्रमाणे शेवटी.

बाई मात्र वेळेआधी येऊन पहिल्या खिडकीत बसल्यात. गळ्याला मफलर, मांडीवर थर्मास आणि एक शाळकरी वही. प्रयोगाच्या दिवशी त्या दुपारी दोनपर्यंत बोलत नाहीत, लिहितात. मी नमस्कार केला, त्यांनी वही पुढे केली. 'ए.सी. बंद. प्लॅन?'

'दीडशे ऑनलाइन, बाई. खिडकीवर होईल.'

पेन्सिल पुन्हा चालली. 'खरं सांगा.'

'खरंच सांगतोय.'

बाई एकोणसत्तर वर्षांच्या. त्या करतात ती सिंधू विशीतली, कडेवर तान्हं मूल असलेली. आमचा सुधाकर अडतीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, प्रयोगाला रजा टाकून येतो. पहिल्या तालमीला तो बाईंच्या पाया पडला होता आणि दिग्दर्शकाने त्याला सांगितलं होतं, हे घरी करून यायचं, इथे तू तिचा नवरा आहेस.

सकाळी ८.१५

घाट. बसमध्ये निम्मे झोपलेले. सुधाकर माझ्या शेजारी येऊन बसला. हा मुलगा वाचतो पुष्कळ. म्हणाला, 'काका, न्यूयॉर्कला २०१५ साली चिता रिव्हेरा नावाच्या बाईंनी ८२ व्या वर्षी ब्रॉडवेवर म्युझिकल केलं. ड्युरेनमाटच्या नाटकावरचं, "द व्हिजिट". म्हातारी, गडगंज बाई आपल्या दरिद्री गावात परत येते आणि म्हणते, तरुणपणी मला फसवणाऱ्या त्या माणसाला मारा, गावाला हवा तेवढा पैसा देते.'

'चाललं?'

'एप्रिलमध्ये उघडलं, जूनच्या मध्यावर बंद. ६१ प्रयोग. टोनीची पाच नामांकनं होती, एकही मिळालं नाही.'

मी विचारलं, आठवड्याला किती प्रयोग? तो म्हणाला, तिकडे आठ असतात. माझ्यातला व्यवस्थापक तिथेच थांबला. ब्याऐंशीव्या वर्षी आठवड्याला आठ! एकसष्ट प्रयोग म्हणजे तिकडे दोन महिन्यांच्या आत गाशा गुंडाळणं. आमच्याकडे हीच संख्या तीन वर्षं पुरते, आणि तीन वर्षं चाललेल्या संगीत नाटकाला कोणी पडेल म्हणत नाही. 'द व्हिजिट' मूळचं दुसऱ्या एका ज्येष्ठ नटीसाठी, अँजेला लान्सबरींसाठी बेतलेलं होतं, नवऱ्याच्या आजारपणामुळे त्या बाहेर पडल्या, आणि २००१ साली शिकागोत रिव्हेरांनी ते पहिल्यांदा केलं. म्हणजे ब्रॉडवेला पोचायला आणखी चौदा वर्षं. तेवढं थांबूनही रोज संध्याकाळी नऊशे-हजार माणसांनी पैसे मोजून एका म्हातारीचा सूड बघायला यावं, हे गणित अवघडच होतं. सुधाकरचं म्हणणं, विषय काळा म्हणून पडलं. मला ते अर्धंच पटलं. काळा विषय महिन्यातून दोनदा विकता येतो. रोज विकायचा म्हटलं तर गाव बदलत राहावं लागतं, आणि ब्रॉडवेचं थिएटर काही टेम्पोत घालून सांगलीला नेता येत नाही.

बाईंनी मागे वळून वही दाखवली. 'हळू. झोपायचंय.'

सकाळी १०.००

कळंबोलीच्या पुढे फोन. सांगलीचा कंत्राटदार. कंत्राटी प्रयोग म्हणजे तो आम्हाला ठरावीक रक्कम देतो, तिकीटविक्रीचा नफा-तोटा त्याचा. माणूस सरळ आहे, नाटकाचा शौकीन आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलताना जपावं लागतं.

'तीन प्रयोग द्या. शुक्र, शनि, रवि. जाहिरात मी अशी करतो, सिंधूच्या भूमिकेतले अखेरचे तीन प्रयोग. हाऊसफुल्ल झाले नाहीत तर नाव बदला.'

'सलग तीन बाईंना झेपणार नाहीत.'

'म्हणूनच तर अखेरचे.' आणि मग चाचरत, 'एक विचारू? आमचं महिला मंडळ दोनशे तिकिटं घेतंय, पण त्या म्हणतात शेवट जरा... म्हणजे मूल मरतं ते तरी कमी करा. तळीरामचे प्रवेश वाढवा.'

ही मागणी नवी नाही. हास्यस्फोटक तळीराम आणि आर्यमदिरामंडळ तेवढं ठेवून उरलेलं नाटक पदांच्या मैफिलीसारखं करा, असं सांगणारे मला सगळीकडे भेटतात. खरं म्हणजे काळं नाटक विकायची आमची पद्धत तीच आहे. आमच्या जाहिरातीत 'शोकांतिका' हा शब्द कधी नसतो. 'अजरामर संगीत नाटक' असतं, पदांची संख्या असते, बाईंचा फोटो असतो, आणि तोही पहिल्या अंकातल्या भरजरी साडीतला, शेवटच्या ठिगळाच्या लुगड्यातला नाही. नवरा दारूपायी सनद घालवतो, बायको दळणं दळते, तो झिंगलेल्या अवस्थेत काठी घालतो, मूल जातं, तीही जाते, तो विष घेतो. एवढं सगळं पाचशे रुपयांच्या तिकिटावर छापलं तर कोण येईल? पण येतात. आणि सगळ्यांना शेवट ठाऊक असतो.

'शेवट तसाच राहील,' मी म्हटलं. 'तारखांचं रात्री कळवतो.'

'मग "देवबाभळी" कसं चाललं हो?' त्याने फोन ठेवता ठेवता टोला हाणलाच.

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. २०१७ मध्ये आलेल्या 'संगीत देवबाभळी'त रंगमंचावर दोनच बायका, आवली आणि लखुबाई, दोघींची दुःखं पोटातली. शेकड्यांनी प्रयोग झाले. म्हणजे दुःख विकलं जातं, गाण्यासकट विकलं जातं. मात्र त्या दोघी तरुण होत्या. ओळीने प्रयोग लावता यायचे, दौरे लावता यायचे. लोक विषयाचा काळेपणा मोजतात. मी प्रयोगामागच्या शरीराला महिन्यात किती रात्री पेलतील ते मोजतो.

सकाळी ११.३०

ठाणे. तलावपाळीवर ऊन चढलंय. रंगायतन १९७८ सालचं. ज्यांचं नाव त्याला आहे ते राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गेले, जेमतेम तेहेतीस वर्षांचे. महिनाभरात, फेब्रुवारीत, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगमंचावर आणलं. पदं लिहायला गडकरी नव्हते, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. आज लोक ज्या पदांसाठी येतात, ती नाटककाराची नाहीतच, आणि खिडकीवरच्या शंभरातल्या नव्वदांना हे सांगून पटत नाही.

सेटवाली मुलं फ्लॅट उभे करतायत. सुधाकरच्या श्रीमंती दिवाणखान्याला दोन लेव्हल, झोपडीला एकच चटई आणि जातं. जातं खरं नाही, फायबरचं. खरं होतं तोवर दोन माणसं उचलायला लागायची. आता जागा ठरवायची. बाई जमिनीवर बसू शकतात, पण उठू शकत नाहीत. डावा गुडघा. पूर्वी सिंधू दळण दळता दळता झटक्यात उठून दाराकडे धावायची. आता नाटकातली गीता आधी उठते आणि हात देते, सिंधू तो हात धरून उठते. एका समीक्षकाने लिहिलं, दोन स्त्रियांमधला हा आधार दिग्दर्शकाने फार सूक्ष्मपणे उभा केला आहे. दिग्दर्शकाने कात्रण जपून ठेवलंय. बाईंनी ते वाचून गुडघ्यावर थोपटलं.

दुपारी १२.३०

तिकीटखिडकी. मी आत बुकिंग क्लार्कच्या मागे उभा राहतो, कारण बाजार तिथेच कळतो.

एक आजोबा. 'बाई स्वतः आहेत ना? की दुसऱ्या कोणी?' स्वतः आहेत म्हटल्यावर दोन तिकिटं. एक बाई, सुनेबरोबर. 'मी शेवट बघत नाही हं. सिंधू आजारी पडली की उठते. पण पदं ऐकायचीत.' दोन कडेची. गाणं शिकणारी तीन मुलं, तीनशेची बाल्कनी, त्यातल्या एकाने बाईंचं एक पद मोबाइलवर मिनिटभर ऐकलंय आणि बाकीचं ऐकायला आलाय. एका व्यसनमुक्ती संस्थेची पन्नास तिकिटं आधीच गेलीत. या संस्था दरवर्षी येतात. त्यांची माणसं तळीरामच्या प्रवेशाला सगळ्यांत मोठ्याने हसतात, हेही मी दरवर्षी बघतो.

'आता नाही ऐकलं तर पुन्हा कधी,' हे वाक्य आज सहा-सात जणांकडून आलं. तेच आमचं भांडवल. बाईंचं वय तिकीट विकतं आणि बाईंचं वयच प्रयोग मर्यादित ठेवतं. सिंधूच्या जागी दुसरी मुलगी उभी केली तर महिन्याला आठ प्रयोग लागतील, पण खिडकीवर विचारायला कोणी येणार नाही, ती स्वतः आहे ना म्हणून. 'कट्यार काळजात घुसली'चं भाग्य वेगळं. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब १९६७ सालचे, आणि कितीतरी वर्षांनी नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले तेव्हा आडनावच जाहिरातीचं काम करत होतं. आमच्याकडे वारसा आडनावाने येत नाही.

दुपारी १.१५

जेवण. बाईंसाठी मऊ भात, तूप, मीठ. बाकीच्यांना पोळी-भाजी, आणि तळीरामला सगळं.

दुपारी २.००

बाई बोलल्या. पहिलं वाक्य ऑर्गनवाल्यांना. 'काळी दोनच. वर नको.'

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वय गाण्यात कुठे दिसतं ते बाहेरच्याला कळत नाही. तिशीत बाई काळी चारमध्ये गायच्या. पन्नाशीत काळी तीन. आता काळी दोन. स्वर खाली आला की वरच्या पट्टीची ओढाताण थांबते, पण खालच्या सप्तकातल्या जागा इतक्या खाली जातात की तिथे हवाच उरते. मग पद नव्याने बांधावं लागतं. जिथे पूर्वी तारसप्तकात जाऊन तान घ्यायच्या, तिथे बाई आता मध्यात थांबतात आणि तोच स्वर धरून ठेवतात. लोकांना वाटतं, काय संयम आहे! संयम आहेच, पण निवडलेला नाही.

पायपेटीवाल्यांची बोटं जन्मभर काळी चारला सरावलेली, त्यांनी सगळी पदं पुन्हा घोटली. आणि तबला. स्वर उतरला की मोठ्या तोंडाचा तबला लागतो, छोट्या तोंडाचा उतरवून उतरवून किती उतरवणार? शरद करणारी मुलगी सव्वीस वर्षांची, ती काळी चारातच गाते. म्हणून आमच्या तबलजींपुढे दोन तबले असतात, एक बाईंचा, एक बाकीच्यांचा. दुसऱ्या तबल्याचं भाडं, त्याला टेम्पोतली जागा. हे मी खर्चाच्या वहीत 'वाद्ये' म्हणून लिहितो. खरं तर ते बाईंच्या वयाचं बिल आहे.

बाईंनी दोन पदांचे मुखडे म्हटले. तिसऱ्याला आवाज चिरकला. थांबल्या, कोमट पाणी घेतलं, आणि ते पद म्हटलंच नाही. 'स्टेजवर येईल.' येतं सहसा.

दुपारी ३.१५

रंगभूषा. आरशाभोवतीचे दिवे लागले. रंगभूषावाले काका बाईंचा चेहरा कमी रंगवतात. त्यांचं तत्त्व असं की थर वाढला की सुरकुतीत साचतो आणि पहिल्या रांगेला भेगा दिसतात. कपाळाच्या वरच्या बाजूला केसांखालून पट्टी बांधून कातडी किंचित ताणायची, हे आता बाईंनी बंद करायला लावलंय. डोकं दुखतं आणि गाताना भुवया हलत नाहीत.

या खोलीत बसलं की बालगंधर्वांचा विषय निघतोच. नारायणराव राजहंसांनी पहिली सिंधू केली तेव्हा ते तिशीतले होते. शालू-पैठण्यांनी नटणाऱ्या या नटाने ठिगळं लावलेलं लुगडं नेसलं. लोकांनी ते स्वीकारलं, डोक्यावर घेतलं. पुढे पन्नाशी उलटली, शरीर सुटलं, कंपनी कर्जात बुडाली, सिनेमा आला, आणि तरीही ते स्त्रीभूमिका करत राहिले. त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, पहिली पाच मिनिटं म्हातारा पुरुष दिसायचा, मग दिसायचा नाही. मला या आठवणी अर्ध्या खऱ्या वाटतात. दिसत असणारच. पण दिसतंय ते बाजूला ठेवण्याचा करार प्रेक्षकाने तिकिटाबरोबर केलेला असतो. संगीत नाटकाला तो करार मुळातच करावा लागतो, कारण मरणारी बाई गाते हेही बाजूलाच ठेवायचं असतं. एकदा ते ठेवलं की विशीतली बाई एकोणसत्तरची आहे एवढ्याने काही अडत नाही. 'नटसम्राट'सारख्या गद्य नाटकात हे उलटं झालं. १९७० साली डॉ. लागूंनी चाळिशीच्या आगेमागे म्हातारा बेलवलकर उभा केला. गाणं नसतं तेव्हा तरुणाला म्हातारं होता येतं. म्हाताऱ्याला तरुण व्हायचं तर ऑर्गन लागतो.

याच जगाचा अंधार सतीश आळेकरांनी १९७९ च्या 'बेगम बर्वे'त मांडला. संगीत नाटकात स्त्रीभूमिका करू बघणारा, आता उदबत्त्या विकणारा बर्वे आणि त्याच्या डोक्यात घोळणारी नाट्यपदं. बाईंना ते नाटक आवडत नाही. 'फार खरं आहे,' म्हणतात. माझ्या मते आपल्या संगीत रंगभूमीविषयी इतकं अचूक नाटक दुसरं नाही, आणि व्यावसायिक निर्मात्याने ते माझ्यापुढे आणलं तर मी त्याला नकोच म्हणेन. ज्या पदांवर प्रेक्षकाचं प्रेम आहे, ती पदंच तिथे त्याच्या अंगावर येतात. आमचा प्रेक्षक मरण सहन करतो, थट्टा नाही.

दुपारी ४.१०

नटराजाची पूजा, नारळ, पहिली घंटा. सगळी मिळून चारशे साठ. निर्मात्याला मेसेज.

दुपारी ४.३२

तिसरी घंटा, नांदी, मखमली पडदा. बाईंचा प्रवेश झाला तशी टाळी पडली. ती अभिवादनाची. तिचा मला काही उपयोग नाही. पहिल्या पदाला मिळते ती खरी. पहिल्या दोन ओळी कापऱ्या. मग आवाजाला जागा सापडली आणि पुढच्या रांगेतल्या माना हलू लागल्या. टाळी आली. 'वन्स मोअर!'

इथून माझं खरं काम सुरू. नाट्यगृहाची वेळ संपली की जादा भाडं लागतं. मूळ नाटक पाच अंकी, रात्रभराचं. आमची आवृत्ती तीन तासांत बसवलेली, एका मध्यंतराची. प्रत्येक वन्स मोअर चार-पाच मिनिटं खातो आणि बाईंचा दमही खातो. म्हणून ठरलंय, वन्स मोअर दोनच घ्यायचे, आणि कुठले ते बाई ठरवणार. बाकी वेळी त्या हात जोडून पुढचं वाक्य उचलतात. आज पहिल्याच पदाला घेतला. मी विंगेतून घड्याळ दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

सायंकाळी ५.५५

मध्यंतर. कँटीनवाल्याचं मत मी दर खेपेला विचारतो. बटाटेवडे आज चांगले गेले. 'तुमच्या नाटकाला चहा जास्त जातो,' तो म्हणाला. 'विनोदी असलं की लोक बाहेर येऊन बोलत उभे राहतात. तुमचे खातात, पितात आणि लवकर आत जातात.' म्हणजे नाटक धरून ठेवतंय. व्यापाराच्या भाषेत याहून चांगला अभिप्राय मला ठाऊक नाही.

आत बाई खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या. मावशी गुडघ्याला शेक देतायत. भरजरी उतरून ठिगळाचं लुगडं नेसवायचंय, बारा मिनिटांत. शरदवाली मुलगी दाराशी उभी राहून बाईंचं पद मनातल्या मनात म्हणतेय, ओठ हलतायत. सगळी सिंधू तिला पाठ आहे, हालचालींसकट. गुडघा धरून उठण्यासकट. परवा तालमीत तिने तसं उठून दाखवलं आणि बाई ओरडल्या, 'तुला काय झालंय? तू धाव.'

सायंकाळी ६.१५

बाळाला घास भरवायचं पद. आधी चिरकलं होतं ते हेच. बाई आता गात नव्हत्या, जवळजवळ बोलत होत्या, स्वरात. पायपेटी अगदी मागे. या पदाला लोकांनी वन्स मोअर मागितला नाही. माझ्या शेजारी प्रॉम्प्टर नाक ओढत होता, आणि तो दर प्रयोगाला ओढतो, म्हणून त्याला मोजत नाही.

मग सुधाकर झिंगत आला. काठीचा आवाज दोन लाकडी फळ्यांचा, विंगेतून. मूल म्हणजे कापडात गुंडाळलेली बाहुली, हे मागच्या रांगेलाही माहीत. तरी सभागृहातून एक 'अगंबाई' ऐकू आलीच. दुपारच्या त्या सासूबाई सुनेला घेऊन उठल्या, ठरल्याप्रमाणे. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. डोअरकीपरने खुर्चीकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. पडदा पडेपर्यंत उभ्याच होत्या.

सायंकाळी ७.४०

संपलं. ओव्हरटाइम वाचला. बाई मेलेल्या सिंधूच्या अंथरुणावरून उठेपर्यंत पडदा वर घेत नाहीत. सुधाकर आणि गीता दोन्ही बाजूंनी हात देतात, त्या उभ्या राहतात, पदर सावरतात, मग पडदा.

रात्री ८.००

हिशेब. टेबलावर पाकिटं. तबलजी, ऑर्गनवाले, तळीराम, सेटवाली मुलं, सगळ्यांची सही. आजचा प्रयोग जेमतेम नफ्यात. तो नफा बहुतेक पुढच्या जाहिरातीत जाणार. संगीत नाटकांना सरकारी अनुदान मिळतं, त्याने आमच्यासारख्यांची टिकाव धरायची सोय होते, पण त्याच्या भरवशावर तारीख घेता येत नाही. पैसा येतो तेव्हा येतो, भाडं आधी भरायचं असतं.

बाईंना भेटायला रांग. सेल्फी. एक मुलगा पायाशी बसून विचारतोय, तो स्वर तुम्ही तिथे का थांबवता? बाई म्हणाल्या, 'वर जाता येत नाही म्हणून.' मुलाला तो विनोद वाटला.

रात्री ९.४५

बस. सांगलीचा विषय काढला. तीन दिवस, 'अखेरचे प्रयोग', महिला मंडळ, सगळं सांगितलं.

'अखेरचे लिहायचं नाही,' बाई म्हणाल्या. 'पुढच्या वर्षी गेले तर काय लिहाल? अगदी अखेरचे?' तळीराम मागच्या सीटवरून हसला.

'पण बाई, त्यानेच तिकीट जातं.'

'माहितीय मला. मग जाऊ दे की तसंच. मला तेवढं छापून नकोय.' थोड्या वेळाने म्हणाल्या, 'एक प्रयोग. शुक्रवार. शनिवारी ही करील.'

शरदवाली मुलगी खिडकीशी झोपल्याचं सोंग करत होती. मी म्हटलं, शनिवारी पाचशेचं तिकीट जाणार नाही, कंत्राटदार दोनशे लावील.

'दोनशे लावलं तर ती दोनशेचीच होईल. दर एकच ठेवायला सांगा. नसेल जमत तर शुक्रवारही नको.' मग पुढे वाकून तबलजींना म्हणाल्या, 'आणि शनिवारी काळी चारचा एकच तबला न्या. माझा तिथे ठेवू नका, नाहीतर ती घाबरून खाली येईल.'

कंत्राटदाराला मेसेज टाकला. शुक्रवारी बाई, शनिवारी दुसरी सिंधू, रविवार नाही, दर दोन्ही दिवस सारखा, शेवट आहे तसा. मेसेज त्याने वाचला, उत्तर दिलं नाही. टेम्पोवाल्याचं राहिलेलं भाडं ऑनलाइन पाठवलं आणि सांगलीच्या खर्चाच्या पानावर 'वाद्ये' समोर दोन आकडे लिहिले, शुक्रवारचा जास्त, शनिवारचा कमी.